सोनोग्राफीचा फँटम: चौघांत मिळून घेतलेला, चौदा महिने वापरलेला

गेल्या वर्षी कितीतरी दिवस माझा उजवा हात एक गोष्ट करत होता आणि मला तिचा पत्ता नव्हता. थायरॉइडची गाठ असो, काखेतली असो की मानेतली, ती पडद्याच्या मधोमध आली की मी प्रोब (अंगावर फिरवायचा, आवाजाच्या लहरी सोडणारा भाग) जरासा सरकवून तिला डावीकडे घ्यायचे आणि मग कॅलिपर (पडद्यावर माप घ्यायच्या खुणा) टाकायचे. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही दर वेळी डावीकडेच का घेता?" मी म्हटलं, सवय आहे. एकोणीस वर्षं सांगलीत सोनोग्राफी करतेय, अशा शंभर सवयी हाताला लागल्या असतील.

मग फँटम आला, म्हणजे मशीन आणि प्रोब तपासायचा ठोकळा. पहिल्या रविवारी सेंटर बंद असताना जेल लावून लिनिअर (सरळ तोंडाचा) प्रोब त्याच्यावर टेकवला, तर पडद्याच्या मध्यापासून थोडं उजवीकडे वरपासून खालपर्यंत एक काळपट पट्टा. जेल पुसून परत लावलं, पट्टा तिथेच. प्रोब उलटा फिरवला. फँटमच्या आतल्या खुणा डावीकडच्या उजवीकडे गेल्या, पट्टा मात्र जागचा हलला नाही. म्हणजे दोष फँटममध्ये नव्हता, माझ्या प्रोबमध्ये होता. पेशंटवर असा पट्टा दिसला की आपण म्हणतो बरगडी आली, हवा आली, जेल कमी पडलं. फँटम आतून सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे तिथे सांगायला कुठलंच कारण उरत नाही. प्रोबचे क्रिस्टल, म्हणजे आवाज सोडणारे आणि ऐकणारे बारीक तुकडे, गेले होते. डोळ्याला कळलं नव्हतं, पण हातानं ती मेलेली जागा टाळायला सुरुवात केली होती.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. त्या काळात मी ज्यांच्या गाठी पाहिल्या, त्यांच्यातल्या ज्यांचे फोन नंबर होते अशा काही जणींना परत बोलावून दुसऱ्या प्रोबनं पाहिलं. कुणाचं काही सुटलेलं नव्हतं, पण ते मला आधी माहीत नव्हतं. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय. आपल्या भागातले रेडिओलॉजिस्ट, गायनॅकवाले आणि सेंटर चालवणारे वाचतील, या आशेनं.

फँटम म्हणजे काय, तर शरीरासारखं वागणारा एक ठोकळा. माझा पाण्याच्या जेलचा आहे. बाहेर प्लास्टिकची पेटी, वर प्रोब टेकवायला पातळ पापुद्रा आणि पाणी किंवा जेल साचवायला खोलगट काठ. मशीन एक गोष्ट गृहीत धरून चालतं, की शरीरात आवाज सेकंदाला १५४० मीटर जातो. १ सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला साधारण १३ मायक्रोसेकंद लागतात आणि सगळी खोली मशीन त्यावरूनच काढतं. फँटमच्या आतला जेल नेमका त्याच वेगाचा बनवलेला असतो. तो आवाज शोषतोही शरीरासारखाच: माझ्या फँटममध्ये दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला ०.७ डेसिबल. (०.५ चेही मिळतात. मी मुद्दाम ०.७ घेतला, कारण त्यात मशीनची जास्त परीक्षा होते.) आत ठरलेल्या अंतरावर केसासारख्या नायलॉनच्या तारा, वेगवेगळ्या आकाराच्या काळ्या सिस्ट (पाण्याच्या गाठीसारखे दिसणारे गोल) आणि आजूबाजूच्या जेलपेक्षा ३, ६, ९ डेसिबलनं फिके किंवा गडद असलेले गोल.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जेलचे सगळे फँटम साधारण असेच वागतात आणि मला एका कंपनीची शिफारस करायची नाही.

मी दर महिन्याला तेवीस-चोवीस मिनिटं याला देते. पहिल्या दिवशी प्रत्येक प्रोबचा एक प्रीसेट 'फँटम' नावानं साठवला: गेन आणि टीजीसी (चित्राचा एकूण आणि खोलीनुसार उजळपणा), फोकस, डेप्थ सगळं ठरलेलं, हार्मोनिक (चित्र सुधारायची सोय) बंद, चित्र गुळगुळीत करणारे फिल्टर बंद. तो प्रीसेट पुन्हा हलवायचा नाही. हलवला तर आधीच्या महिन्याशी तुलनाच उरत नाही.

सगळ्यात बोलकी चाचणी खोलीची. कॉन्व्हेक्स (पोटासाठीचा, गोलसर तोंडाचा) प्रोब स्थिर धरायचा आणि खाली खाली पाहत जायचं. वरचा दाणेदार पोत जेलचा असतो, तो हलत नाही. एका खोलीनंतर दाणे नाचायला लागतात. तो मशीनचा स्वतःचा गोंगाट. स्थिर दाणे जिथे संपतात, तिथे तुमच्या प्रोबची पोच संपली. माझ्या कॉन्व्हेक्सची पहिल्या दिवशी १३.४ सेंटिमीटर आली. हा आकडा चांगला की वाईट, हा प्रश्न मी विचारतच नाही. दुसऱ्या मशीनचा आकडा वेगळा येणारच. माझा प्रश्न एवढाच की तो पुढच्या महिन्यात कमी झाला का. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेनं, म्हणजे एएपीएमनं, १९९८ मध्ये या चाचण्यांची पद्धत छापली. त्यात मूळ आकड्यापेक्षा ६ मिलिमीटरनं पोच कमी झाली तर लक्ष द्या आणि १ सेंटिमीटरनं झाली तर तो बिघाड समजा, असं आहे. जाड पोटाच्या बाईच्या यकृताचा खालचा भाग दिसत नाही तेव्हा आपण चरबीला दोष देतो. कधी कधी दोष प्रोबचा असतो आणि तो वर्षभरात इतका हळूहळू येतो की रोज पाहणाऱ्याला कळत नाही.

अंतराची चाचणी मी सुरुवातीला किरकोळ समजत होते. तारांमधलं अंतर माहीत असतं, कॅलिपर टाकून पाहायचं. उभ्या अंतरात दीड टक्का आणि आडव्यात दोन टक्क्यांच्या आत फरक चालतो. आजची डिजिटल मशीन यात सहसा चुकत नाहीत. पण मे महिन्यात माझं १० सेंटिमीटर ९.८५ दिसायला लागलं. सलग तीन वेळा मोजलं, तेवढंच. पोटात गोळा आला, कारण याच मशीनवर मी बाळाच्या डोक्याचा घेर आणि मांडीचं हाड मोजते. मग फँटमला हात लावला तर तो कोमट. आदल्या दिवशी तो तासगावहून गाडीतून आला होता आणि रात्रभर एसी नसलेल्या खोलीत होता. जेलमधला आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण दीड मीटर. फँटमची मापं २२ अंशाला ठरवलेली असतात. सांगलीच्या मे महिन्यातल्या ३८ अंशांत वेग वीस-पंचवीस मीटरनं वाढतो, प्रतिध्वनी लवकर परत येतो आणि मशीन अंतर कमी दाखवतं. एसीत रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी मोजलं तर १० चे १०. तेव्हापासून फँटमच्या पेटीत एक थर्मामीटर ठेवलाय, आणि चाचणीच्या नोंदीत तापमान लिहिल्याशिवाय पुढचा रकाना भरायचा नाही असं आम्ही ठरवलंय.

उणे ३ डेसिबलचा गोल हा माझा आवडता. तो आजूबाजूपेक्षा अगदी किंचित गडद असतो. यकृतातला एखादा पुसट डाग असाच दिसतो. पहिल्या दिवशी तो मला दिसेना. उणे ६ दिसत होता, उणे ९ दिसत होता, पण हा नाही. मशीनवर चिडले. मावशी आत आल्या आणि जाताना सवयीनं ट्यूबलाइट बंद केली, तर गोल समोर. मशीन ठीक होतं, खोलीत उजेड जास्त होता आणि पडद्यावर ट्यूबची चमक पडत होती. त्याच आठवड्यात ती ट्यूब काढून भिंतीकडे तोंड केलेला मंद दिवा लावला. फँटममुळे माझ्या कामात सर्वात मोठी सुधारणा झाली ती या दिव्यानं.

आता प्रोबच्या पट्ट्याचं पुढे काय झालं ते. मशीन सीएमसीत (सुट्या भागांसकट देखभालीच्या करारात) आहे. दर तिमाहीला कंपनीचे इंजिनिअर येतात, मागची जाळी साफ करतात, मशीन सुरू करून पाहतात आणि 'वर्किंग सॅटिस्फॅक्टरी' असा कागद देऊन जातात. पट्ट्याबद्दल फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, सेटिंगचा प्रश्न असेल, टेक्निकली ओके आहे." मी फँटमवरची चित्रं पाठवली, प्रोब उलटा केल्यावरचीही. तरी टाळाटाळ. मग तिसरं चित्र पाठवलं, ज्याला फँटमही लागत नाही. ते कसं काढायचं, हे सगळ्यांनी शिकून घ्यावं म्हणून लिहिते.

प्रोब स्वच्छ पुसा, जेल अजिबात नको. हवेतच धरा, डेप्थ कमी करा, गेन थोडा कमी करा. वरच्या बाजूला एकाखाली एक समांतर पट्ट्या दिसतात. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या उजळ हव्यात. एखाद्या जागी पट्टी फिकी पडली, तर तिथे काहीतरी गेलंय. खात्रीसाठी जेलचा अगदी पातळ थर लावून सरळ केलेली पेपर क्लिप प्रोबच्या तोंडावर आडवी टेकवा आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलक्या हातानं सरकवा. क्लिपखाली उजेडाचा एक झोत तिच्याबरोबर सरकत जातो. मेलेल्या क्रिस्टलवर आली की तो झोत मंदावतो. दाबू नका, लेन्सला ओरखडा पडेल. हृदयाच्या छोट्या प्रोबला मात्र ही युक्ती तितकीशी लागू पडत नाही, कारण त्यात प्रत्येक रेषेसाठी सगळे क्रिस्टल एकदम वापरले जातात आणि दोष वाटला जाऊन लपतो.

हे तिसरं चित्र पाहून कंपनीनं प्रोब बदलून दिला. सीएमसीतच, वेगळे पैसे न घेता. वाद फार झाला नाही, कारण वाद घालायला जागाच उरली नव्हती. हाती पुरावा नसताना मी आणखी वर्षभर तोच प्रोब वापरला असता.

हे फक्त माझ्याच नशिबी आलं असं कुणी समजू नये. स्वीडनमध्ये ३२ रुग्णालयांतल्या रोजच्या वापरातल्या ६७६ प्रोबची तपासणी झाली होती. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास ४० टक्के प्रोबमध्ये दोष निघाला. सगळ्यात जास्त आढळलं ते आतले थर एकमेकांपासून सुटणं आणि त्याखालोखाल केबलमधली तार तुटणं. ज्यांच्याकडे देखभालीची शिस्त आहे त्या देशातला हा आकडा आहे. आपल्याकडे केबल ट्रॉलीच्या चाकाखाली येते, प्रोब हुकावरून घसरतो, घाईत कुणीतरी स्पिरिटनं पुसतं. एक्स-रे मशीनला एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमानं दर २ वर्षांनी गुणवत्ता चाचणी करावी लागते. सोनोग्राफीत तसे किरण नाहीत, म्हणून तो नियम इथे येत नाही. १९९४ चा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा मशीन कुठे आहे, कोण वापरतं, कशासाठी वापरतं हे विचारतो आणि ते त्यानं विचारायलाच हवं. पण चित्र किती चांगलं आहे हे पाहणं त्याचं काम नाही. ते आपलं आहे.

फँटम चौघांत घेण्याचं कारण आधी पैसे हेच होतं. महिन्यातून अर्धा तास लागणाऱ्या वस्तूवर एका छोट्या सेंटरनं एवढी रक्कम घालणं जड जातं. सांगलीत आम्ही दोघी, मिरजेचे एक डॉक्टर आणि तासगावचे एक. प्रत्येकाकडे आठवडाभर. मशीन नोंदणी केलेल्या जागेतून हलवता येत नाही, तेव्हा फँटमनंच फिरायचं. कुठल्या दिवशी कुठल्या प्रोबची चाचणी केली याची मी वेगळी वही ठेवते आणि मशीनवर पेशंटच्या नावाच्या जागी 'फँटम चाचणी' असं टाकते. साठवलेल्या प्रत्येक चित्राचा हिशेब कुणी कधीही मागू शकतं.

मिरजेच्या डॉक्टरांकडे कर्नाटकातून, अथणी-कागवाडकडूनही पेशंट येतात, मशीनला दिवसभर उसंत नसते. त्यांच्या कॉन्व्हेक्सची पोच चार महिन्यांत १ सेंटिमीटरच्या वर घसरली. त्यांनी फोन केला, "ताई, आधी वाटलं तुमचा फँटमच सुकला." ही शंका रास्त होती. जेलचा फँटम खरंच सुकतो. आतलं पाणी पापुद्र्यातून हळूहळू उडतं, वरचा भाग खोलगट होतो, मापं बिघडतात. त्यावर उपाय म्हणजे वजन. आला त्या दिवशी मी आमच्या किराणा दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तो तोलून आकडा पेटीवर लिहून ठेवला होता. दर तीन महिन्यांनी त्याच काट्यावर तोलते. डॉक्टरांच्या फोननंतर तोलला, वजन तेवढंच होतं. दोष प्रोबचाच निघाला.

रबरासारख्या युरेथेनचे फँटम सुकत नाहीत, उन्हाळ्याची एवढी धास्ती नसते, टिकाऊही असतात. आम्ही तो घ्यायच्या अगदी बेतात होतो. पण त्यात आवाजाचा वेग साधारण १४५० मीटर असतो. मशीन १५४० धरून चालल्यामुळे खरे १० सेंटिमीटर १०.६ दिसतील, म्हणून बनवणारे तारा तेवढ्या जवळ बसवतात. उभं अंतर त्यामुळे बरोबर येतं, पण फोकस नीट बसत नाही आणि तारा आडव्या पसरट दिसतात. शिवाय जास्त फ्रीक्वेन्सीला तो आवाज गरजेपेक्षा जास्त खातो, म्हणजे लिनिअर प्रोबची पोच उगाच कमी दिसते. महिन्यामागून महिना तुलना करायची असेल तर चालेल. दोन मशीनची एकमेकांशी तुलना करायची असेल तर मी जेलच घेईन, आणि एसीची सोय नसेल तर रबर.

घरी बनवायचा प्रयोगही करून पाहिला. चायना ग्रास उकळून त्यात इसबगोल घातलं की दाणेदार पोत छान येतो. आत ऑलिव्ह टाकले की गाठीसारखे दिसतात. शिकाऊ मुलींना सुईचा सराव करायला हे उत्तम, मी अजूनही बनवते. पण चौथ्या दिवशी बुरशी येते आणि दोन घाणे कधीच सारखे होत नाहीत. मापायला उपयोग नाही.

तक्रारी आहेत. पुरवठादारानं सहा आठवडे सांगून चार महिने लावले, आणि सोबत यायला हवं ते जेलमधल्या आवाजाच्या वेगाचं प्रमाणपत्र तीनदा मागितल्यावर आलं. घेताना हे प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. दुसरं, वरचा पृष्ठभाग सपाट असल्यामुळे कॉन्व्हेक्सच्या दोन्ही कडा टेकत नाहीत, काठोकाठ पाणी भरावं लागतं. टीव्हीएस (योनिमार्गातून तपासायच्या) प्रोबसाठी तर कसरतच. डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोय, यात तपासता येत नाही, त्याला रक्तासारखा द्रव वाहणारा वेगळा फँटम लागतो आणि तो आमच्या आवाक्याबाहेर आहे.

सगळ्यात अनपेक्षित उपयोग झाला तो नवं मशीन पाहताना. डेमो द्यायला येणारे नेहमी एखादा सडपातळ मुलगा झोपवतात. त्याचं यकृत कुठल्याही मशीनवर सुरेखच दिसतं. यंदा आम्ही दोन मशीनच्या डेमोला फँटम घेऊन गेलो. एकाचं चित्र पडद्यावर लोण्यासारखं मऊ, पाहताक्षणी आवडणारं. फँटमवर त्याच सेटिंगला बारीक सिस्ट बुजून गेल्या. फिल्टर उतरवायला सांगितले तेव्हा त्या परत दिसल्या, पण मग ते चित्र दुसऱ्या मशीनपेक्षा वेगळं राहिलं नाही आणि किमतीतला फरक मात्र मोठा होता. आम्ही दुसरं घेतलं.

सध्या फँटम तासगावला आहे, पुढच्या सोमवारी माझ्याकडे येईल. गेल्या वेळी माझ्या कॉन्व्हेक्सची पोच १३.० आली, मूळ आकड्यापेक्षा ४ मिलिमीटर कमी. अजून हद्दीत आहे. वहीत त्या आकड्याभोवती लाल गोल केलाय आणि इंजिनिअरना आत्ताच कळवून ठेवलंय.